हळूबाईंचा आधारपट्टा

मी एक जुना आधारपट्टा आहे. हळूबाईंचा परवाना गेल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी पोस्टमन आजोबांच्या कमरेला बांधलेला होतो आणि आजोबा अर्धे उभे होते.

मित्रांनो, अर्धे उभे म्हणजे काय ते आधी समजून घ्या. खुर्चीतून उठणाऱ्या थकल्या माणसाचे अंग खुर्ची सोडते, पण त्याचे गुडघे अजून सरळ झालेले नसतात. त्या क्षणी तो धड खुर्चीचा नसतो आणि धड जमिनीचाही नसतो. त्याचा सगळा भार उचलणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो हात माझ्या मुठीत असतो. मला दोन्ही बाजूंना धरायला दोन-दोन मुठी आहेत.

तेवढ्यात कार्यालयातला कारकून दारात आला. त्याच्या हातात एक कागद होता.

"बाई, हात काढा," तो म्हणाला. "तुमचा परवाना संपला. आत्तापासून कुणाला हात लावायचा नाही, असं वरून आलंय."

हळूबाईंनी मान वळवली नाही. "काढते की. मग यांना काय तुमच्या कागदावर बसवू?"

"मला जे सांगितलं ते मी सांगतोय."

"सांगितलंत ना? झालं तर मग." मग त्या आजोबांच्या कानाशी वाकल्या. "आजोबा, आता मी तुम्हाला परत खाली बसवणार आहे. हळू. घाई नाही."

आजोबा बसले. हळूबाईंनी माझे बक्कल काढले, मला गुंडाळले आणि खांद्यावर टाकले. मी त्यांच्या खांद्यावर अकरा वर्षे होतो.

"आज घरं नाही करायची?" आजोबांनी विचारले.

"आज दुसरं कुणीतरी येईल."

"दुसरं कुणी नको," आजोबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आता तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे काय गेले ते कळेल.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. शिंपी म्हणजे हळूबाईंचे यजमान. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरात दोघेच. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत संसार. हळूबाई एका शुश्रूषागृहात सेविका होत्या. ज्यांना स्वतःहून उठता येत नाही, खाता येत नाही, आंघोळ करता येत नाही, अशी वयस्क माणसे तिथे वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्या वॉर्डात अशी बावीस माणसे होती.

माणसांना उचलायला तिथे आधीपासून पट्टे होते, पण ते प्लास्टिकच्या धाग्याचे होते आणि त्यांच्या कडा टोचत. म्हाताऱ्या माणसांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. एक दिवस हळूबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज एका आजींच्या कमरेला वळ उठला. माझ्या हातून उठला. काहीतरी करा."

मास्तरांनी फार विचारले नाही. त्यांनी जाड सुती निवार घेतली, आतून बाईंच्या जुन्या मऊ गाऊनचे अस्तर लावले आणि चार-चार ओळींनी मुठी शिवल्या. बक्कल एका फाटक्या प्रवासी बॅगेचे होते. ते आजही थोडे कुरकुरते. शिवून झाल्यावर मास्तरांनी मला स्वतःच्या कमरेला बांधले आणि खुर्चीत बसले.

"उचल बघू."

हळूबाईंनी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मास्तरांना अलगद उभे केले.

"अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी डोक्यावर घ्यायच्या बेतात आहे," मास्तर म्हणाले.

"डोक्यावर नाही, पायावर उभं केलंय. आजवर ते तरी कुठं जमत होतं?"

दोघे हसले. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला पहिला आवाज शिवणयंत्राचा, आणि दुसरा हा.

हळूबाई हे त्यांचे खरे नाव नव्हे, हे तुम्ही ओळखले असेल. प्रत्येक माणसाला हात लावण्याआधी त्या दोन गोष्टी करत. आपण काय करणार आहोत ते सांगत, आणि मग म्हणत, "हळू. घाई नाही." कुणा एका आजींनी त्यांना हळूबाई हाक मारली आणि तेच नाव पडले. परवान्याच्या परीक्षेत काही शिकाऊ सेविका याच गोष्टीवर नापास होतात. त्या माणसाला नीट उचलतात, पण सांगायचे विसरतात. परीक्षक म्हणतात, हे काय पोते आहे का?

हा परवाना काय असतो तेही सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही. शुश्रूषेचे काम करायला परवाना लागतो. तो परीक्षा देऊन मिळतो, पण कायमचा मिळत नाही. दर दोन वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो. त्यासाठी दोन वर्षांत चार प्रशिक्षणांना हजर राहिल्याची सही हजेरीवहीत लागते, आणि खाली वॉर्डप्रमुखांची साक्ष लागते. तारीख उलटली किंवा एक जरी सही कमी पडली, तर पहिल्यापासून सगळे शिक्षण, सगळी परीक्षा. नियम वाईट नाही. माणसे उचलण्याच्या नव्या रीती येतात, नवे आजार येतात, विसरलेले पुन्हा आठवावे लागते. हळूबाईंना हा नियम आवडत असे. आपल्या कार्डावरची तारीख त्या साबणाच्या फडक्याने पुसून लख्ख ठेवत.

माझे दिवस चांगले गेले. सगळ्यांत जास्त मी पोस्टमन आजोबांच्या कमरेला बांधला गेलो. आजोबांनी आयुष्यभर पायी टपाल वाटले होते, आणि आता त्यांचेच पाय त्यांना ओळख देत नव्हते. बाई त्यांना माझ्या आधाराने व्हरांड्यातून चालवत. आजोबांना वाटे, आपण टपालाला निघालो आहोत. प्रत्येक दाराशी ते थांबत.

"इथं कुणाचं पत्र?" बाई विचारत.

"यांचं आज काही नाही. या बाईला मुलगा लिहीतच नाही, नालायक."

"आणि पुढच्या घरी?"

"पुढे आहे. रजिस्टर आहे. सही लागेल."

मग त्या खोलीतल्या आजी खरोखर हवेत सही करत. एका फेरीत सात दारे होत. आजोबा त्यांना घरे म्हणत. ज्या दिवशी सातच्या सात घरे होत, त्या दिवशी ते पोटभर जेवत.

अशातच चिमणी शिकाऊ सेविका म्हणून आली. ती एकोणीस-वीस वर्षांची होती, हडकुळी आणि सतत बडबडणारी. म्हणून हे नाव. पहिल्याच दिवशी तिने एका आजींना काखेत हात घालून ओढले. आजी कळवळल्या. हळूबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला खुर्चीत बसवले, तिच्या कमरेला मला बांधले आणि सांगितले, "आता तुझे पाय मेले असं समज. एक तास. पाणी हवं तर मला सांग, खाज आली तरी मला सांग."

"बाई, मी काय म्हातारी आहे?"

"होशील. लवकर सराव केलेला बरा."

तासाभराने बाईंनी तिला उभे केले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. "एवढं दुसऱ्याच्या हातात असतं?" तिने विचारले. त्या दिवसापासून तिचा हात बदलला. दोन वर्षांत ती हळूबाईंच्या तोडीची झाली. तिची परीक्षा झाली त्या दिवशी तिने मलाच नेले होते. परत आल्यावर ती बाईंच्या गळ्यात पडली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. चिमणी गप्प झालेली मी तेव्हा पाहिली. पुढे आणखी एकदा पाहिली.

मित्रांनो, आमच्या वॉर्डात एक रीत होती. प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्या सेविका वरच्या मजल्यावरच्या दालनात जात. पण खालच्या बावीस माणसांना कोण सांभाळणार? नियम असा की त्या दिवशी बाहेरून बदली सेविका बोलवाव्यात. त्या कधीच येत नसत. कागदावर मात्र येत. म्हणून ज्या सेविकेवर सगळ्यांत जास्त भरवसा, तिला खाली ठेवत. म्हणजे हळूबाईंना.

आधीच्या वॉर्डप्रमुख, थोरल्या बाई, वयाने आणि रागानेही थोर होत्या. त्यांची पद्धत अशी की दुसऱ्या दिवशी त्या हळूबाईंना एकटीला बसवून सगळे प्रशिक्षण पुन्हा घेत आणि समोर सही करून घेत. बाईंची सही ओळखू येण्यासारखी होती. शेवटच्या अक्षराखाली त्या एक आखूड, तिरकी रेघ मारत. मास्तर म्हणत, ही सही नाही, टाका आहे.

काही वर्षांनी थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत चिमणी बसली. आता तिला सगळे मॅडम म्हणू लागले. हळूबाईंना केवढा आनंद! त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मास्तरांना तीन वेळा तेच सांगितले. मास्तर म्हणाले, "कळलं गं. आता चौथ्यांदा सांगितलंस तर मी तिला ब्लाउज फुकट शिवून देईन." आणि त्यांनी खरेच शिवून दिला.

पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशी चिमणी म्हणाली, "बाई, तुम्ही खालीच थांबा. तुमच्याशिवाय कुणावर सोडू? आणि तुम्हाला काय शिकवायचं, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. तुमचं नाव मी लिहून टाकते."

"उद्या घेशील ना माझं?"

"घेईन हो. वेळ मिळाला की घेईन."

वेळ मिळाला नाही. दुसऱ्या प्रशिक्षणाला तेच झाले, तिसऱ्याला आणि चौथ्यालाही. इथे हळूबाईंची चूक झाली, आणि ती मी लपवत नाही. त्यांनी वही मागून पाहिली नाही. मास्तरांनी एकदा हटकले होते. "अगं, माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. तू सही केल्याशिवाय नाव कसं सोडतेस?"

"चिमणीला मी उभं केलंय अहो. ती मला पाडेल का?"

मास्तर दोरा ओवत राहिले. नंतर पुष्कळदा ते स्वतःलाच म्हणत, तेव्हा सुई खाली ठेवून बोलायला हवे होते.

मग तपासनीस आले. हळूबाईंचा परवाना नवा करण्याची तारीख त्याच महिन्यात होती. तपासनीस वॉर्डातून हिंडले, खाटा पाहिल्या, खुर्च्या पाहिल्या आणि मला पाहिले.

"हा पट्टा कुठला? यावर शिक्का नाही."

"घरी शिवलाय," हळूबाई म्हणाल्या.

"घरी?" त्यांनी मला दोन बोटांनी उचलले आणि चिमणीच्या कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवले. हळूबाई वॉर्डातच राहिल्या. पोस्टमन आजोबांची अंघोळ अर्धी झाली होती.

म्हणून पुढचे मी ऐकले आणि त्यांनी ऐकले नाही.

तपासनीस हजेरीवही चाळत होते. एका पानावर थांबले. मागचे पान पाहिले, पुन्हा पुढचे पाहिले. "या सेविकेच्या जुन्या सह्यांखाली रेघ आहे. या चारांखाली नाही. आणि हे अक्षर तर तुमच्यासारखं दिसतंय, मॅडम."

चिमणी गप्प झाली. मी म्हटले ना, आणखी एकदा पाहिली.

"दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना? तुमचा परवाना जाईल. साधं नाही हे."

मला वाटले, आता ती खरे सांगेल. खरे अगदी छोटे होते. "त्या खाली बावीस माणसं सांभाळत होत्या, म्हणून मी लिहिलं." एवढेच. मी तिच्यासमोर पडलो होतो, हातभर अंतरावर. तिने माझ्याकडे पाहिलेही.

"त्या येतच नाहीत प्रशिक्षणाला," चिमणी म्हणाली. "त्यांना वाटतं, आपल्याला सगळं येतं. मी कितीदा सांगितलं. यादीवरून नावं उतरवताना चुकून माझ्याकडून ओळ भरली गेली असेल."

"चारही वेळा?"

"कामाच्या गडबडीत होतं, सर."

"मग त्या दिवशी वॉर्डात कोण होतं?"

"बदली सेविका. कागद आहेत."

कागद होते. एका खोट्याने दुसऱ्या खोट्याला छान आधार दिला. माझ्या मुठींनी दिला नसता इतका. तपासनीसांनी खिसे चाचपले, तेव्हा चिमणीने आपल्या टेबलावरचे लाल पेन उचलून त्यांना दिले. चार ओळींवर चार रेघा पडल्या. पुढे त्यांनी लिहिले: अनुपस्थित, कारण कळवले नाही.

मित्रांनो, केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकता. मी तो होताना पाहिला. मला चार मुठी आहेत, पण तोंड नाही.

तपासनीस गेल्यावर चिमणी मला घेऊन वॉर्डात आली आणि स्वतःच्या हाताने मला हळूबाईंच्या खांद्यावर ठेवले. "पट्टा वापरा हो. शिक्क्याचं मी बघते. काळजी करू नका."

"बाकी सगळं ठीक ना?" बाईंनी विचारले.

"ठीक आहे."

पंधरा दिवसांनी कारकून कागद घेऊन आला. ते मी सांगितलेच आहे.

त्या दिवसापासून हळूबाईंना तळमजल्यावरच्या धुलाईखान्यात काम मिळाले. परवाना नसलेल्या माणसाने चादरीला हात लावलेला चालतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धुवायला तिथेच नेले. मी कोमट पाण्याच्या बादलीत होतो तेव्हा चिमणी खाली आली. बाईंनी विचारले, "वहीत काय लिहिलंय ते कारकुनाने मला वाचून दाखवलं. मी येत नव्हते म्हणे?"

चिमणी दाराला पाठ लावून उभी राहिली. "बाई, मी खरं सांगितलं असतं तर माझा परवाना गेला असता. घरी दोन पोरं आहेत. तुमची आता थोडीच वर्षं राहिलीयत."

"माझी किती राहिलीत ते तू मोजलंस?"

"तसं नाही..."

"तू मला विचारायला हवं होतंस," हळूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "वॉर्डात येऊन म्हणायचं, बाई, मी अडकलेय. कदाचित मीच म्हटलं असतं, घाल माझ्यावर. हात लावण्याआधी सांगायचं असतं गं. हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

चिमणी निघून गेली. बाईंनी मला पिळले. इतके घट्ट त्यांनी मला कधी पिळले नव्हते. मग माझी शिवण उसवली का ते पाहिले, आणि घरी नेले. शिक्का नसलेला पट्टा वॉर्डात चालत नाही असा आता हुकूम निघाला होता.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात. कालपर्यंत "बाई, जरा येता का" म्हणणाऱ्या सेविका आता धुलाईखान्याच्या दारात चादरी टाकून पळू लागल्या. बाईंच्या बाजूने बोलणारे एकच माणूस होते. मास्तर पोस्टमन आजोबांना भेटायला गेले तेव्हा आजोबा म्हणाले, "चारही दिवस ती खालीच होती. चारही दिवशी आम्ही सातच्या सात घरं केली. इतर दिवशी कुणी ना कुणी मधे येतं, त्या दिवशी कुणी आलं नाही. लिहा, मी सही करतो." मास्तरांनी लिहिले, आजोबांनी सही केली, आणि तो कागद हळूबाईंनी केलेल्या अपिलाला जोडला गेला.

अपिलाच्या कार्यालयातून उत्तर आले. साक्षीदाराला विस्मरणाचा आजार असल्याची नोंद आहे. तो व्हरांड्यात टपाल वाटतो असे त्याच्या कागदांत लिहिलेले आहे. सबब साक्ष ग्राह्य धरता येत नाही. वॉर्डप्रमुखांचे लेखी निवेदन जोडावे.

हळूबाईंनी ते पत्र दोनदा वाचले. "बिचाऱ्यांना एवढंच आठवत होतं, तेही खोटं ठरवलं," त्या म्हणाल्या.

वॉर्डप्रमुखांच्या निवेदनासाठी त्यांनी चिमणीकडे तीन अर्ज दिले. एकाचेही उत्तर आले नाही. मास्तर म्हणाले, "सोड आता. पुन्हा परीक्षा दे. तू झोपेत पास होशील."

"देईन. पण आधी ती ओळ नीट होऊ दे. मी आले नाही असं लिहिलंय त्यात. लोकांना वाटेल, मी माणसं टाकून घरी बसले होते."

एवढेच त्यांना हवे होते, मित्रांनो. चार ओळी.

मग एका सकाळी चहाचा कप उचलताना तो त्यांच्या हातातून पडला. कप उचलायला त्या वाकल्या आणि उठल्याच नाहीत. उजवे अंग गेले होते. महिनाभराने दवाखान्यातून त्यांना घरी आणले, तेव्हा मास्तरांनी मला शिवणयंत्रामागच्या खिळ्यावरून काढले.

मास्तरांचे हात कापड जाणतात. माणूस उचलणे त्यांना ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंना ओढले. बाईंचे तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, शब्द जाड येत होते, तरी त्या म्हणाल्या, "अहो, गाठोडं नाहीये मी. आधी खुर्चीत तुम्ही बसा."

"मी?"

"बसा. पट्टा बांधा. पाय मेले असं समजा."

मास्तर बसले. बायको समोर खाटेवर आणि हे खुर्चीत, एक तास. मधेच त्यांचे नाक खाजले. त्यांनी हात वर नेला तेव्हा बाई डावा डोळा वटारून म्हणाल्या, "नापास."

हळूहळू ते शिकले. पाय रोवून उभे राहायचे, गुडघ्यातून वाकायचे, पाठ सरळ, मूठ खालून धरायची. पण एक गोष्ट ते सतत विसरत.

"काय करणार आहात ते सांगा."

"अगं, तुला दिसतंय की."

"सांगा."

"आता मी तुला उभं करणार आहे."

"मग?"

"हळू. घाई नाही."

"हां. आता उचला."

एक दिवस त्या खुर्चीतून खिडकीपर्यंत चालल्या. सात पावले. बाई म्हणाल्या, "सात घरं झाली." खिडकीशी मास्तरांनी विचारले, "जमलं का मला? परवाना मिळेल का?"

"मिळेल. पण दोन वर्षांनी नवा करायला लागेल."

"तेव्हा पुन्हा तूच घे परीक्षा."

बाई हसल्या. अर्ध्या तोंडाने हसल्या, पण हसल्या.

त्यानंतर पाच महिन्यांनी त्या गेल्या. दुपारची वेळ होती. मास्तरांनी मला बांधले, सांगितले, "आता मी तुला उभं करणार आहे," आणि थांबले. उत्तर आले नाही. ते बराच वेळ मूठ धरून तसेच वाकून उभे राहिले.

दहा-बारा दिवसांनी चिमणी घरी आली. दारातच रडली. मी खिळ्यावर होतो. डोळे पुसून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, एक मागू? हा पट्टा वॉर्डाला द्याल? शिक्का मी मिळवते. पोस्टमन आजोबांना नव्या पट्ट्याचे वळ उठतात. ते चालायलाच तयार नाहीत."

मास्तर म्हणाले, "देतो. पट्टा आजोबांचाच आहे. आधी ते निवेदन लिहून दे. खाली बावीस माणसांपाशी कोण होतं, तेवढंच लिही."

"आता बाईंना त्याचा काय उपयोग, मास्तर? आणि माझं..."

"मी तुला ब्लाउज शिवला होता," मास्तर म्हणाले. "माप अजून वहीत आहे. कुणाचंही माप मी खोडत नाही, माणूस असो वा नसो."

ती उठली आणि गेली. मला न घेता गेली. खरे सांगू? मला जायचे होते. चिमणीसाठी नव्हे, आजोबांच्या कमरेसाठी. पण मी मास्तरांना दोष देत नाही.

मास्तर अपिलाच्या कार्यालयात गेले तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होतो. बाईंनी हा पट्टा वापरला हे दाखवता येईल, असे त्यांना वाटले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, अर्जदार मयत असेल तर प्रकरण बंद होते. मास्तर म्हणाले, "माणूस गेलं. पण वहीत चुकीचं लिहिलंय ते तर जागेवरच आहे ना?" मग तिथल्या बाईंनी नोंद दुरुस्तीचा एक वेगळा अर्ज काढून दिला. त्याच्या खाली एक चौकोन आहे. वॉर्डप्रमुखांची सही.

माझ्या आतले अस्तर आता विरले आहे. बक्कल पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरते. तुमच्या घरी कुणी थकलेले माणूस असेल, तर मित्रांनो, त्याला हात लावण्याआधी काय करणार आहात ते सांगा. डोळ्यांना दिसत असले तरी सांगा. आणि कुणाच्या नावापुढे काही लिहायची वेळ आली, तर तेही आधी त्याला सांगा. उचलणे काय आणि लिहिणे काय, दोन्हीत समोरच्याचा भार आपल्या हातात असतो.

मास्तरांनी तो अर्ज वॉर्डात नेऊन दिला, त्याला चार महिने झाले. पोस्टमन आजोबा खुर्चीतच आहेत. हजेरीवही त्याच कपाटात आहे. त्या चौकोनात सही झालेली नाही.